झोपू दे तिला

फुर्दिकीने त्या उंच डच माणसाच्या हातातला चमचा काढून घेतला आणि त्याचा हात खिडकीपाशी, उजेडात ओढला. नखं जांभळट दिसत होती. एका नखावर तिने अंगठा दाबून धरला, सोडला आणि रंग परत यायला किती वेळ लागतो ते पाहत राहिली.

"याला सांग, वर जायचं नाही. आत्ताच्या आत्ता खाली," ती लेकीला म्हणाली.

यांजीने ते इंग्रजीत सांगितलं. एवढंसं वाक्य, पण सांगताना ती मध्ये एकदा थांबली.

माणूस हसला. हसताना त्याला कपाळ धरावं लागलं. त्याच्या बायकोचं म्हणणं होतं, आजचा दिवस इथेच पडून राहू, उद्या बघू.

"उद्या बघायला हा असला पाहिजे ना! हे असंच्या असं सांग. गोड करून सांगू नकोस."

दाराशी उभा असलेला त्यांचा वाटाड्या कुरकुरला. "दिदी, दर वेळी माझीच गिऱ्हाइकं कशी पळवता हो?"

"पळवत कुठे, चालत पाठवतेय. नंतर पाठीवर न्यावं लागलं तर तुझीच कंबर मोडेल."

वाटाड्याने मान खाली घातली. थोम्देन गावाच्या या डोंगरवाटेवर येणारे सगळे वाटाडे फुर्दिकीला मागून पोलीसीणबाई म्हणत, पण तिचं ऐकत. वीस वर्षांत तिने आपल्या लॉजमधल्या किती पाहुण्यांना असं अर्ध्या ताटावरून उठवून खाली धाडलं होतं, त्याची गणतीच नव्हती. जेवण टाकलं, डोकं दुखतंय म्हणाला, जोडे बांधताना धापा टाकल्या, की ती कुणाचं काही ऐकून घेत नसे. काही जण शिव्या देत जात. पुढच्या वर्षी त्यांतल्याच एखाद्याचं पत्र येई.

अर्ध्या तासात डच जोडपं वाटाड्याबरोबर उताराला लागलं. त्यांचं ओझं वाहणारा भरिया, जसधन राई, सामान पाठीवरच्या टोपलीत नीट भरून, बांधून मागाहून निघणार होता. त्याचा तो पाठीवरचा मोठा वेताचा डोको अंगणात आडवा पडला होता.

फुर्दिकी आत वळली तर यांजी बाकावर बसून टेबलावर डोकं टेकून होती.

"झालं? दोन वाक्यं बोलली नाही तर दमली माझी मैना!"

"आमा, मी जरा आडवी होते."

"पाणी कोण आणणार?"

"मघाशी गेले होते ना." यांजी खोकली. खोकला कोरडा होता, बारीक. "अर्ध्या वाटेवर बसले. मग परत आले."

"रिकामा डबा घेऊन! आठ महिने काठमांडूत काय राहिलीस, मेणाची झालीस. अगं, चार वर्षांची होतीस तेव्हा वासरांमागे त्या टेकाडावर पळत होतीस."

यांजी हसली नाही. एरवी तिने एकाला दोन ऐकवली असती. परवा दुपारी सामानाच्या हेलिकॉप्टरमधून उतरली तेव्हा ती किती बडबडत होती. काठमांडूपासूनची पाच दिवसांची वाट दीड तासात आले, वरून आपलं छप्पर दिसलं, इबी आजी अंगणात दिसली, शेणी वाळत घातलेल्या दिसल्या. इबीने मात्र आधी धूप पेटवला, नातीभोवती तीनदा फिरवला आणि मगच तिला उंबरा ओलांडू दिला. घरचं माणूस लांबून आलं की इबी हल्ली असंच करत असे. सहा वर्षांपूर्वी तिचा मुलगा गेल्जेन, फुर्दिकीचा नवरा, दोन वर्षांनी परदेशातून घरी परतला होता आणि तिसऱ्या दिवशी पहाटे अंथरुणातच गेला होता. झऱ्यावरच्या नागाचा कोप, असं लामा म्हणाले होते. गावातले काही जण म्हणाले, दारू. फुर्दिकीने झऱ्यावर नवं देऊळ बांधलं आणि दारूबद्दल बोलणाऱ्यांशी बोलणं टाकलं.

"झोपू दे तिला," चुलीपाशी बसलेली इबी म्हणाली. "प्रवासाचा शीण असतो. मी बसते तिच्याजवळ."

यांजी भिंतीचा आधार घेत आतल्या खोलीत गेली. फुर्दिकी भांड्यांना लागली.

भांडी अर्धी झाली असतील, तेव्हा दारात सावली पडली. जसधन उभा होता. चाळिशीचा, बुटका, कपाळावर ओझ्याच्या पट्ट्याचा वण पडलेला माणूस. भरिये मागच्या दाराने येत आणि चुलीपाशी बसून खात. जेवणघराच्या दारात ते येत नसत.

"काय रे, दोरी हवी का?"

"नको दिदी." तो आत आला नाही. "त्या खोलीत कोण झोपलंय?"

"माझी लेक. का?"

"मी भिंतीला टेकून डोको बांधत होतो. फळीतून आवाज येतोय."

"मग? सर्दी झालीय तिला. शहरातली धूळ घेऊन आलीय."

"सर्दीचा नाही वाटत. तिच्या पाठीला जरा कान लावून बघा ना."

फुर्दिकीने हातातलं पातेलं खाली ठेवलं. "हे बघ, ही पोर याच घरात जन्मली. इथे, या फळ्यांवर. तिचा बाप इथला, आजा इथला. ते उंचीवरच्या विरळ हवेचं दुखणं खालून येणाऱ्यांना होतं. आम्हाला नाही होत."

"माझ्या मामेभावाबद्दलही असंच म्हणाले होते. डोंगरातला आहे, याला काय होतंय. प्यायला असेल." जसधन जमिनीकडे बघत बोलत होता. "त्याचा आवाज मी रात्रभर ऐकला दिदी. म्हणून म्हटलं."

तो उत्तरासाठी थांबला नाही. वळून अंगणात गेला.

फुर्दिकी पातेलं पुन्हा उचलायला वाकली आणि तशीच सरळ झाली. हात पुसले. आतल्या खोलीत इबी नातीच्या पायांवर हात ठेवून जपमाळ ओढत होती. खिडकीला जुनी शाल टांगली होती, पोरीच्या डोळ्यांवर उजेड नको म्हणून. फुर्दिकीने शाल ओढून काढली.

"अगं, आत्ताच डोळा लागलाय," इबी कुजबुजली.

यांजी बसल्या बसल्या झोपली होती, तीन उशा पाठीशी घेऊन. तोंड उघडं होतं. ओठ शाईचं बोट फिरवल्यासारखे दिसत होते. फुर्दिकीने तिला पुढे वाकवलं, सदरा वर केला आणि उघड्या पाठीला कान लावला.

आत पाणी होतं. चुलीवर पेज शिजताना वाजते तसं बारीक बारीक बुडबुडत होतं, प्रत्येक श्वासाला, दोन्ही बाजूंनी. हा आवाज तिने किती परक्या पाठींतून ऐकला होता. जपानी, इस्रायली, बंगाली. तो ऐकला की ती ताबडतोब उठे, ओरडून माणसं गोळा करी. आता ती उठली नाही. कान तसाच टेकवून बसून राहिली, जणू नीट ऐकलं तर तो दुसराच कसला तरी आवाज निघेल.

"यांजी. ए यांजी. कधीपासून होतंय असं?"

पोरीने डोळे उघडले. ते आईवर ठरेनात. "काल," ती म्हणाली. मग एक श्वास. "तू म्हणालीस..." आणखी एक. "नाटकं करते."

उशीखालून रुमालाचं टोक बाहेर आलं होतं. फुर्दिकीने तो ओढला. कपड्यावर गुलाबी फेस वाळला होता.

ती अंगणात आली आणि तिने नुसता रुमाल पुढे केला. जसधनने तो पाहिला आणि काही न विचारता डच जोडप्याचं सगळं सामान डोकोतून अंगणात ओतलं. झोपण्याच्या पिशव्या, बूट, चकचकीत डबे. कोयता काढून त्याने डोकोची एक बाजू वरून खालपर्यंत कापली आणि माणूस बसेल अशी जागा केली.

"हेलिकॉप्टर?" त्याने विचारलं.

दोघांनीही वर पाहिलं. ढग छपराला टेकले होते. फुर्दिकीने तरी फोन लावला. पलीकडून उत्तर आलं, ढग उठल्याशिवाय कुणी उडणार नाही, उद्या सकाळी बघू. प्राणवायूची घरातली एकुलती एक टाकी गेल्या महिन्यात एका पाहुण्याला लागली होती, ती भरून यायची होती.

"चालत जाऊ. सहा तास," ती म्हणाली.

"पाच," जसधन म्हणाला. "बसवा तिला."

इबी दारात आली होती. "कुठे नेताय? झोपलीय ना ती! झोपलेल्या पोरीला या गारठ्यात..." डोको तिच्या समोरून गेला. यांजीचं डोकं जसधनच्या मानेमागे डुलत होतं आणि तिचा श्वास वाजत होता. इबी बोलायची थांबली. तिने दाराची चौकट धरली. फुर्दिकीला ते दिसलं, पण थांबायला वेळ नव्हता.

उतार तिच्या पायाखालचा होता. तिथला दगड न् दगड तिला ठाऊक होता, पण त्या दिवशी ती दोनदा पडली. जसधन पडला नाही. कपाळपट्ट्याला दोन्ही हात लावून तो वाकून, एका लयीत उतरत होता. फुर्दिकी मागून चालत होती. लेकीच्या चेहऱ्यावरून तिची नजर हटत नव्हती. मध्येच श्वास वाजेनासा झाला की ती धावत पुढे होऊन नाकाखाली हात धरी.

पुलापाशी चहाच्या टपरीवर डच जोडपं भेटलं. तो उंच माणूस बाहेर बसून सूप पीत होता, स्वतःच्या हाताने. चेहऱ्यावर रंग आला होता. डोको पाहून तो उठला, टोपी काढली.

"कोण आहे?" वाटाड्याने विचारलं.

"माझी मुलगी."

त्याला वाटलं, त्याने चुकीचं ऐकलं. "तुमची?"

फुर्दिकी डोकोमागे चालत राहिली. डच माणसाने वाटेतली आपली काठी उचलली आणि बाजूला झाला. सामान थोम्देनच्या अंगणात उघड्यावर पडलंय, हे त्याला कुणी सांगितलं नाही, आणि त्यानेही विचारलं नाही.

झाडं लागली तशी यांजीने मान उचलली. आणखी तासाभराने तिने पाणी मागितलं. फुर्दिकी वाटेतच मटकन खाली बसली. जसधन थांबला नाही. "बसू नका दिदी," तो न वळता म्हणाला. "आपण बसलो की मग उठवत नाही."

खुम्लिंगच्या दवाखान्यातली डॉक्टर तिशीच्या आतली होती. तिने नाकाला नळी लावली, गोळी दिली, बोटाला चिमटा लावून रक्तातल्या प्राणवायूचा आकडा पाहिला आणि तो आकडा फुर्दिकीला मुद्दामच सांगितला नाही. संध्याकाळ व्हायच्या आधी यांजीचे ओठ पुन्हा ओठांसारखे दिसू लागले. तेव्हा कुठे डॉक्टर स्टूल ओढून फुर्दिकीसमोर बसली.

"खाली किती दिवस होती?"

"आठ महिने. शाळेत."

"आणि वर कशी आली?"

"हेलिकॉप्टरने."

"तुमच्याकडचे पाहुणे काठमांडूहून थोम्देनला किती दिवसांत आले तर तुम्ही त्यांना जेवायला वाढता?"

"आठ. मुक्काम करत करत, कमीत कमी आठ." फुर्दिकीचा आवाज उतरला. "पण डॉक्टरबाई, ही तिथलीच आहे."

"होती. आठ महिन्यांत अंग वरची विरळ हवा विसरतं. उलट वरचीच माणसं खाली राहून एकदम परत गेली, तर त्यांना हे जास्त जोरात धरतं. मुलांना तर फारच. मी इथे आल्यापासून ही तिसरी. आधीची दोघं माझ्यापर्यंत उशिरा आली." ती थकून बोलत होती, कागदावर काहीतरी लिहिता लिहिता. "लोकांना पत्ताच नसतो. म्हणतात हृदय बंद पडलं, दारू प्यायला, देव कोपला."

फुर्दिकीने बाकाची कड धरली.

"मोठ्या माणसालाही होतं?"

"होतं की."

"चांगला धडधाकट असला तरी? डोंगरातल्या विमानतळावरून तीन दिवसांची वाट एका दिवसात चढून आलेला?"

"तसं आला असेल तर नक्कीच." डॉक्टरचं पेन थांबलं. तिने वर पाहिलं. "कोण आलं होतं?"

फुर्दिकीने मान हलवली, कुणी नाही अशी. तिच्या डोळ्यांपुढे सहा वर्षांपूर्वीची ती दुपार उभी राहिली. गेल्जेन एका दमात चढून आला म्हणून सगळं गाव कौतुकाने अंगणात जमलं होतं. बायकोची आणि पोरीची ओढ हो, असं म्हणून बायका तिला चिडवत होत्या. ती लाजली होती. दुसऱ्या दिवशी घरात अकरा पाहुणे होते. त्यांतल्या एका बाईचं डोकं दुखत होतं म्हणून फुर्दिकीने तिला हाताला धरून अर्धी वाट खाली पोचवली होती.

सकाळी जसधन निघाला. फुर्दिकीने त्याला दोन वेळचं खायला बांधून दिलं.

"दादा, तुम्ही नसता तर..."

"बरी झाली ना, झालं तर." त्याने कापलेला डोको दोरीने शिवला होता, तो पाठीला लावला. मग जरा घुटमळला. "एक सांगू? राग नका मानू. तुमच्या घरी मी नऊ वर्षं येतोय. तुम्ही पाहुण्यांची नखं बघता. आमची कधी बघितली नाहीत."

तो रागाने बोलला नव्हता. तो वळणाआड जाईपर्यंत ती उघड्या हातांनी उभी राहिली.

दुपारी इबी आली. सत्तरी ओलांडलेली म्हातारी एकटीच, काठी टेकत, सहा तासांची वाट उतरून आली होती. आल्या आल्या खाटेपाशी बसली, नातीचे ओठ तिने बोटाने चाचपले आणि म्हणाली, "इबीला चालवलंस ना गं, टवळे."

"हेलिकॉप्टरने यायचं ना मग," यांजी म्हणाली.

इबी हसली. मग तिने सुनेला डोळ्यांनी बाहेर बोलावलं. दोघी दवाखान्याच्या पायरीवर बसल्या. खाली नदी वाजत होती.

"काय म्हणते डॉक्टर?"

फुर्दिकीने रात्रभर हे घोकून ठेवलं होतं. "सर्दी छातीत उतरली होती म्हणे. गारठ्याने."

"खोटं नको बोलूस."

"खोटं नाही, इबी."

"त्याच्या छातीतही असंच वाजत होतं." इबीची नजर नदीकडे होती. "काल पोरीला दारातून नेलीत, तेव्हा ऐकलं आणि ओळखलं. गेल्जेनच्या छातीत सगळी रात्र वाजत होतं. मला वाटलं, घोरतोय. म्हटलं, दोन वर्षं परक्या गावी राबला, आता आईच्या घरी घोरू दे. तू दोनदा डोकावलीस. मी तुला परत पाठवलं. आठवतंय? म्हटलं, झोपू दे त्याला."

फुर्दिकीला आठवत होतं. सहा वर्षं तिने ते कुणाला सांगितलं नव्हतं, स्वतःलाही नाही. दुसऱ्यांदा डोकावली तेव्हा तिलाही तो आवाज ऐकू आला होता. अंधारात उभी राहून तिला बरं वाटलं होतं, की आपला माणूस घरी आहे आणि घोरतोय.

"मीही ऐकलं होतं," ती म्हणाली.

इबीने मान वळवून तिच्याकडे पाहिलं. मग तिने पाय लांब केले. फुर्दिकी खाली उतरून बसली आणि तिने इबीच्या जोड्यांच्या नाड्या सोडल्या. घोट्यांना सूज आली होती. तळव्याचे फोड फुटले होते.

यांजीला त्यांनी आठ दिवस खुम्लिंगलाच ठेवलं. तिथून वर नेलं ते मुक्काम करत करत. गावाने हसून घेतलं. पोलीसीणबाईने आता घरच्यांनाच पकडलं, असं वाटाडे म्हणाले. त्या मोसमात भरियेही तिच्या जेवणघराच्या दारातून आत यायला लागले. ती त्यांचे हात खिडकीपाशी ओढी. ते अवघडून हात मागे घेत, आणि ती पुन्हा ओढी.

गावच्या जत्रेच्या आधल्या दिवशी ढग नव्हते. काठमांडूहून गावातली पोरं येणार होती. पहिलं हेलिकॉप्टर उतरलं तेव्हा इबी माळाच्या कडेला दगडावर बसली होती. फुर्दिकीने तिला घरी थांबायला सांगितलं होतं. तिने ऐकलं नव्हतं.

शेवटच्या घरातला तेन्जी उतरला. दीड वर्ष शहरात राहून आलेला, कानात गाणी, पाठीवर मोठी बॅग. बॅग उतरवून त्याने सगळ्यांना मिठ्या मारल्या. इबी काठी टेकत त्याच्यापाशी गेली.

"आजच्या आज खाली जा. खुम्लिंगला दोन रात्री राहा. मग हळूहळू चढून ये."

"काय इबी! आत्ता तर आलो. आमाने गरम गरम शाकपा शिजवलाय." तो हसला. भोवतालचेही हसले. "मी काय गोरा पाहुणा आहे का?"

"माझा गेल्जेन तुझ्यासारखाच हसत आला होता," इबी म्हणाली.

हसणं ओसरलं. गेल्जेनचं नाव तिने सहा वर्षांत चारचौघांत काढलं नव्हतं.

"त्याला नागाने नेलं नाही. दारूनेही नाही. त्याच्या छातीत पाणी भरत होतं आणि मी त्याच्या उशाशी बसले होते. माझ्या मांडीवर डोकं होतं त्याचं. मी सगळ्यांना म्हटलं, आवाज करू नका, पोरगा झोपलाय."

तेन्जीने कानातली गाणी काढली आणि आईकडे पाहिलं. त्याची आई इबीकडे पाहत होती, तोंडावर हात ठेवून.

इबीने वाकून त्याची बॅग ओढली. पहिल्या झटक्याला ती उचलली गेली नाही. फुर्दिकी पुढे झाली, तर इबीने तिला हाताने थांबवलं. दुसऱ्या झटक्याला बॅग पाठीवर गेली. पट्टा तिने कपाळाला लावला आणि मागे न पाहता खाली जाणाऱ्या वाटेने चालू लागली.

तेन्जी क्षणभर उभा राहिला. मग आपल्या बॅगेच्या मागे निघाला.